मधली घरं गेली कुठे?

टेक्सासमधलं मिडलंड आणि नॉर्थ कॅरोलायनामधलं गोल्ड्सबरो या दोन शहरांना जोडणारं तसं काही नाही. मिडलंड पर्मियन खोऱ्यातलं, तेलावर जगणारं. गोल्ड्सबरोला हवाईदलाचा तळ, भोवती शेती. पण २००० ते २०१४ या काळात दोन्ही शहरांत आणि त्यांच्या परिसरात मध्यमवर्गाचं प्रमाण घटलं. मिडलंडमध्ये ते ५३ टक्क्यांवरून ४३ वर आलं, गोल्ड्सबरोत ६० वरून ४८ वर. तक्त्यात दोघांपुढे उणे चिन्हच. शेजारचा रकाना पाहिला की मात्र चित्र उलटं होतं. मिडलंडमध्ये शेल तेलाच्या तेजीत वरच्या उत्पन्नगटातले लोक १८ टक्क्यांवरून ३७ टक्के झाले. गोल्ड्सबरोत खालच्या गटातले २७ चे ४१ झाले. एकीकडे मधल्या मजल्यावरचे लोक जिना चढून गेले, दुसरीकडे उतरून.

अमेरिकेचा मध्यमवर्ग आक्रसतो आहे, हे वाक्य तिथल्या दोन्ही पक्षांचे उमेदवार गेली कित्येक वर्षं तितक्याच जोरात म्हणतात. वाक्य खोटं नाही. पण कोणत्या जिन्याने लोक गेले, हे ते सांगत नाही. त्यासाठी ही मोजणी होते कशी, ते बघायला हवं.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत मध्यमवर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरपेशा माणूस येतो: शिक्षण, नोकरी, मुलांची इंग्रजी शाळा, घरात पुस्तकं. गिरणीत साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण मध्यमवर्गीय म्हटलं नाही, त्याने घर बांधलं तरी. अमेरिकेत नेमकं उलट झालं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तिथल्या मध्यमवर्गाचा चेहरा म्हणजे मोटारीच्या कारखान्यातला कामगार. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि मोटारकामगारांची संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. पगार महागाईशी बांधला गेला, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा आला, त्या बदल्यात कारखाना विनाखंड चालू राहिला. 'डेट्रॉइटचा तह' म्हणून तो प्रसिद्ध आहे. या तहातून जे जगणं उभं राहिलं, म्हणजे स्वतःचं घर, दारात गाडी आणि उन्हाळ्यात सहल, त्यालाच अमेरिकन माणूस मिडल क्लास म्हणतो. जातीपातीचा किंवा वाचनाचा त्यात संबंध नाही. (वर्णाचा होता. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनसारख्या नव्या वसाहतींत कृष्णवर्णीयांना सुरुवातीला घरच मिळत नसे.)

आकडे मोजणाऱ्याला मात्र चेहरा चालत नाही, रेषा लागते. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेची पद्धत सगळ्यांत जास्त उद्धृत होते. ती अशी. देशातली सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमाने ओळीत उभी करायची. बरोबर मधलं जे घर येईल त्याचं उत्पन्न म्हणजे मध्यक, शाळेच्या गणितातलाच. त्या मध्यकाच्या दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंत ज्यांचं उत्पन्न, ते मध्यमवर्गीय. त्याखालचे खालच्या गटात, वरचे वरच्या. तीन माणसांच्या घरासाठी २०२२ मध्ये ही पट्टी साधारण ५६,६०० ते १,६९,८०० डॉलर्स अशी येत होती.

तीन माणसांचंच घर का? कारण माणसं किती हे पाहिल्याशिवाय उत्पन्नाला अर्थ नाही. पण चार माणसांना एकाच्या चौपट खर्चही येत नाही, फ्रिज एकच असतो. म्हणून उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात आणि मग ते तिघांच्या घरासाठी लावून पाहतात, म्हणजे तीनच्या वर्गमुळाने, १.७३ ने, गुणतात. एक लाख डॉलर्स घ्या. चौघांच्या घरासाठी चारचं वर्गमूळ दोन, म्हणून पन्नास हजार, गुणिले १.७३, म्हणजे साधारण ८६,६००. मध्यकाच्या अगदी जवळ, म्हणजे मध्यमवर्ग. तेच लाख डॉलर्स एकटा राहणारा माणूस कमावत असेल तर हिशेब १,७३,००० च्या पुढे जातो आणि तो वरच्या गटात पडतो. दहा जणांच्या घरात तेच लाख आले तर साधारण ५४,८००, म्हणजे खालचा गट. पगार एक, वर्ग तीन. अमेरिकेत आता एकेकटे राहणारे खूप वाढले आहेत, कुटुंबं लहान झाली आहेत. त्यामुळे हे वर्गमूळ वाटतं तेवढं किरकोळ नाही.

आता खरी गंमत. ही पट्टी मध्यकाला बांधलेली आहे, म्हणजे मध्यक हलला की तीही हलते. सगळ्यांचं उत्पन्न एकाच पटीने वाढलं तर मध्यमवर्ग होता तेवढाच राहील. तो आक्रसतो तो लोक मध्यकापासून लांब फाकले तर. एक नऊ घरांची गल्ली कल्पू. सगळी घरं तिघांची, उत्पन्न हजार डॉलर्समध्ये: ३०, ४२, ४८, ५५, ६०, ७०, ८५, १००, १३०. मधलं पाचवं घर ६० चं. पट्टी ४० ते १२०. त्यात सात घरं बसतात, एक खाली, एक वर.

पन्नास वर्षांनी त्याच गल्लीत उत्पन्नं अशी आहेत, महागाई वजा करून: ३४, ४६, ५६, ६६, ७५, ९५, १२०, १७०, २६०. कोणाचंही कमी झालेलं नाही. पण मधलं घर आता ७५ चं, म्हणून पट्टी ५० ते १५०. सात घरांची पाच झाली. दोन घरं वर, दोन खाली. दुसऱ्या घराकडे नीट बघा. ते ४२ वरून ४६ वर गेलं, म्हणजे चार हजारांनी सुधारलं, आणि तरीही खालच्या गटात गेलं, कारण पट्टीच उचलली गेली. पट्टी जुनीच ठेवली असती, ४० ते १२०, तर ते मध्यमवर्गातच राहिलं असतं, खाली एकच घर उरलं असतं आणि मध्यमवर्ग सातावरून सहावर आला असता, तोही फक्त एक घर वर गेल्यामुळे.

या खेळण्यातल्या गल्लीत अमेरिकेचा पन्नास वर्षांचा वाद मावतो. सरकत्या पट्टीने मोजलं तर मध्यमवर्गातल्या घरांत राहणारे अमेरिकन १९७१ मध्ये ६१ टक्के होते, २०२३ मध्ये ५१ टक्के. खालच्या गटातले २७ चे ३० झाले, वरचे ११ चे १९. (पूर्णांक केल्यामुळे बेरजेत एखादा टक्का इकडेतिकडे होतो.) म्हणजे मधून जेवढे कमी झाले त्यातला मोठा वाटा वर गेला आणि लहान वाटा खाली. देशभरात मिडलंडचं पारडं गोल्ड्सबरोपेक्षा जड आहे. दुसरीकडे अर्बन इन्स्टिट्यूटमध्ये स्टीफन रोझ यांनी २०१६ मध्ये पट्टी जागेवर खिळवून मोजलं. तीन माणसांच्या घराला एक लाख ते साडेतीन लाख डॉलर्स, महागाई वजा करून, म्हणजे उच्च मध्यमवर्ग, असं धरलं. १९७९ मध्ये या गटात साधारण १३ टक्के लोक होते, २०१४ मध्ये २९ टक्के. मध्यमवर्ग बढती मिळून कमी झाला, असं म्हणणाऱ्यांचा हा आवडता आधार.

बरं मग, चांगलंच झालं की? माझं मत विचाराल तर डोकी मोजून या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं ताटात आहे. आपल्या गल्लीत पहिल्या वर्षी एकूण ६२० हजार आले, त्यातले ४६० मधल्या सात घरांत, म्हणजे ७४ टक्के. शेवटी एकूण ९२२, त्यातले ४१२ मधल्या पाच घरांत: ४५ टक्के. खऱ्या अमेरिकेत १९७० मध्ये एकूण घरगुती उत्पन्नातला ६२ टक्के वाटा मध्यमवर्गाकडे होता, २०२२ मध्ये ४३ टक्के. वरच्या गटाचा २९ वरून ४८ झाला. माणसांचं प्रमाण दहा टक्के-अंकांनी कमी झालं, ताटातला वाटा एकोणीस टक्के-अंकांनी. वरच्या गटाकडे आता लोक पाचातला एक आणि उत्पन्न जवळजवळ निम्मं. घरांच्या बोलीत, चांगल्या शाळेच्या शेजारी जागा मिळवण्यात, या दोघांची गाठ पडते आणि तिथे मधलं घर हरतं, जरी ते स्वतः पूर्वीपेक्षा जास्त कमावत असलं तरी.

हे फाकणं झालं कशाने, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडत राहतात, पण काही गोष्टी ढळढळीत आहेत. कारखान्यांतल्या नोकऱ्या १९७९ मध्ये एक कोटी ९५ लाखांच्या शिखरावर होत्या. २०१० च्या सुमारास त्या एक कोटी १५ लाखांच्या आसपास आल्या. थोड्या यंत्रांनी खाल्ल्या, थोड्या चीनमधल्या आयातीने. कामगार संघटनांचे सभासद १९८३ मध्ये पगारदारांपैकी २०.१ टक्के होते, २०२३ मध्ये १० टक्के. शाळा संपवून थेट कारखान्यात जाणाऱ्या मुलाला जो जिना होता तो काढून घेतला गेला, आणि पदवीवाल्याला दोन-दोन मजले चढता आले. पदवीधर पदवीधराशी लग्न करतो, दोघं कमावतात. एका घरात दोन मोठे पगार, दुसऱ्यात एक लहान.

सगळंच घसरलं असंही नाही. ६५ च्या पुढच्या अमेरिकनांपैकी १९७१ मध्ये ५४ टक्के खालच्या गटात होते, २०२१ मध्ये ३७. १९७० च्या दशकात सरकारी निवृत्तिवेतन महागाईशी आपोआप जोडलं गेलं, याचा त्यात मोठा हात आहे. डेट्रॉइटच्या तहातलं कलम म्हाताऱ्यांना मिळालं आणि तरुण कामगारांच्या हातून गेलं, असंही म्हणता येईल.

आणि वरच्या मजल्यावर नवे लोकही आले आहेत. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा जन्माला आला, त्यावर पुण्या-मुंबईहून संगणकवाले गेले. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांचं मध्यक उत्पन्न दीड लाख डॉलर्सच्या आसपास होतं, तर साऱ्या देशाचं साधारण ८०,६००. न्यू जर्सीतला आपला भाचा 'आम्ही काय मामा, मिडल क्लासच' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात अजून मराठी शब्दकोश आहे. प्यूच्या तक्त्यात मात्र तो बहुधा वरच्या रकान्यात बसतो.

आईबापांशी तुलना केली तर चित्र आणखी उदास होतं. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला हिशेब असा की १९४० मध्ये जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मोठेपणी आईबापांपेक्षा जास्त कमावत होती. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण जेमतेम ५० टक्के. पट्टी सरकती की खिळवलेली, हा वाद इथे लागतच नाही. प्रत्येकाची रेषा त्याच्या स्वतःच्या घरातली.

शेवटी पुन्हा गल्लीतलं ते दुसरं घर, ४६ हजारांचं. समजा त्याला मालकाकडून कुटुंबाचा आरोग्यविमा मिळतो. २०२४ मध्ये अशा विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर्स होता. त्यातले सरासरी ६,२९६ कामगाराच्या पगारातून कापले जातात. उरलेले १९ हजारांहून जास्त डॉलर्स मालक भरतो, आणि जनगणना खात्याच्या ज्या उत्पन्नावर ही सगळी मोजणी उभी आहे, त्यात ते धरलेच जात नाहीत. कागदावर त्या घराला ते कधी मिळालेच नाहीत. पगारवाढ मागायला गेलं की मालकाला मात्र बरोबर आठवतात.