श्रवणभक्तीचे नवे साधन

आषाढी एकादशी जवळ आली की खर्डीच्या परिसरात पावसाच्या धारांबरोबर टाळमृदंगाचा नादही दाटून येतो. शहापूर तालुक्यातील हे गाव. येथून रेल्वे कसारा घाटाकडे वळते आणि मुंबई-नाशिक महामार्गाची वर्दळही फार दूर नाही. या भागात कीर्तनसेवेस जाण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. अलीकडे एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. भजन सुरू झाले की दहा हात मोबाईल घेऊन वर होतात. मागाहून ते मुद्रण ऐकावे, तर पखवाज गडगडतो, टाळ खणखणतात. परंतु अभंगाचा शब्द मात्र हरवलेला असतो. शब्द हा तर अभंगाचा प्राण! तो टिपावयाचा असेल, तर ध्वनिमुद्रणाची विद्या रीतसर शिकावयास हवी.

भागवतात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली, तीत श्रवणास पहिले स्थान आहे. ध्वनिमुद्रण शिकणे म्हणजे प्रथम ऐकावयास शिकणे होय.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन तबकडीवर उतरले, तेव्हा एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. १९५५ च्या रामनवमीस आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्याची ५६ गीते घराघरांत पोहोचली आणि यंत्रातूनही भक्ती प्रकटते हे महाराष्ट्राने अनुभवले. पुढे कॅसेट आली. तरीही चांगले मुद्रण करावयाचे, तर शहरातील स्टुडिओच गाठावा लागे. आज तशी अडचण उरलेली नाही. ‘ऑडॅसिटी’सारखी प्रणाली २००० सालापासून विनामूल्य मिळते आणि साधा संगणक तीस पुरतो.

पहिला विचार जागेचा. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे मध्यम नाट्यगृह श्रेष्ठ मानले. कारण त्याहून मोठ्या गृहात उच्चारलेला शब्द विस्कटतो. गृह निवाऱ्याचे असावे, गवाक्षे लहान असावीत, म्हणजे नाद गंभीर राहतो, असेही ते सांगतात. हाच नियम आपल्या घरासही लागू पडतो. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुद्रण करू नये. उघड्या भिंतींवरून स्वर परततो व शब्दावर शब्द चढतो. म्हणून गायकाच्या मागे व बाजूस जाड गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी अंथरावी. पंखा बंद ठेवावा आणि आगगाडी निघून जाईपर्यंत थांबावे. घुमारा मागाहून यंत्राने घालता येतो. एकदा मुद्रित झालेला मात्र नीटसा काढता येत नाही.

दुसरा विचार मायक्रोफोनचा. तो मुखापासून सुमारे एक वीत अंतरावर, किंचित बाजूस ठेवावा. प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना वाऱ्याचा झोत बाहेर पडतो. तो थेट आदळला तर धप्प असा आवाज उमटतो. मुद्रणाची पातळी हलक्या आलापावर न ठरवता जयघोषावर ठरवावी, कारण सर्वांत मोठा आवाज तोच. मापकपट्टीवरील शून्य ही लक्ष्मणरेषा आहे. ती ओलांडली की स्वर फाटतो, आणि फाटलेला स्वर पूर्ववत होत नाही. म्हणून उंच स्वरही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील, असे पाहावे.

यानंतर मिश्रण, म्हणजे मिक्सिंग. याचा आरंभ बैठकीतच होतो. वादकांनी कोठे बसावे याचा विचार भरतमुनींनीही केला आहे. टाळांचा तीक्ष्ण झणत्कार श, ष, स या ऊष्म वर्णांना झाकून टाकतो. यास्तव टाळकरी मायक्रोफोनपासून चार-पाच हात मागे बसावेत. शक्य असल्यास कंठ, पेटी व पखवाज यांचे मुद्रण स्वतंत्र मार्गिकांवर करावे. मग एकेकाची पातळी अशी जुळवावी की, डोळे मिटून ऐकणाऱ्या आजीबाईंस प्रत्येक अक्षर कळावे. पेटी शब्दावर चढत असेल, तर कंठ वाढवण्याऐवजी पेटी उतरवावी. स्वरदोष झाकणारी यंत्रेही आता आहेत. परंतु भजनातील दोष रियाजानेच घालवावा, हे बरे.

शेवटचा संस्कार ‘मास्टरिंग’चा. एका अभंगाचा आवाज मोठा व दुसऱ्याचा लहान असे होऊ नये, आरंभ व शेवट स्वच्छ असावा, हे त्याचे प्रयोजन. हे काम त्याच दिवशी करू नये. थकलेला कान फसवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर, कर्ण्यावर व घरातील लहान स्पीकरवर ऐकून पाहावे. सर्वत्र शब्द स्पष्ट आला, तर कार्य सिद्धीस गेले.

वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशासाठी? ज्ञानेश्वरी-गाथा ग्रंथांत सुरक्षित आहेत. परंतु आपल्या आजीची जात्यावरची ओवी कोणत्या ग्रंथात आहे? गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्यांतील पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. म्हणून आज त्या ऐकता येतात. शहापूर-मुरबाडच्या घराघरांत असे कंठ आजही आहेत. घरघरणारे जाते थांबले. ती चाल जाणणारी माउली उद्या नसेल. शब्द कागदावर राहतील, पण चाल, हेल आणि मधला निःश्वास कागदावर उतरत नाही.

म्हणून भाविकहो, या एकादशीस उपवासाबरोबर एक संकल्प करावा. घरातील वडीलधाऱ्यांची संमती घेऊन त्यांचा एक अभंग, एक ओवी शांतपणे टिपावी. आरंभी त्यांचे नाव, गाव व तिथी त्यांच्याच मुखाने वदवावी. मूळ मुद्रण तसेच राखून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. पुढील पिढीच्या कानी तो कंठ पडेल, तेव्हा आपली श्रवणभक्ती पांडुरंगाच्या चरणी रुजू झाली असे समजावे.