हार्डडिस्क मध्येच गायब होते? आधी केबल पाहा

उचगावच्या साहित्य संमेलनातली भाषणे, घरचे जुने फोटो हार्डडिस्कवर घालून ती रास्पबेरी पायला जोडायची सोय आता काही घरांतली मुले करतात. मग डिस्क टकटक करते, दिसेनाशी होते. दोष बहुधा डिस्कचा नसतो, वीजपुरवठ्याचा असतो.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा ॲडॉप्टर लागतो. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेची खूण येते. हिशेब सोपा आहे : बारीक केबलचा रोध जाऊन-येऊन ०.२ ओहम धरला, तर ३ अँपियरला ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च. हाती उरले ४.५! मोबाइलचा चार्जर कितीही 'फास्ट' असू दे, ५ व्होल्टला तो किती अँपियर देतो तेवढेच वाचा.

पाय ५ ची तऱ्हा वेगळी. ५ अँपियरचा ॲडॉप्टर नसेल तर तो सगळ्या यूएसबींना मिळून ६०० मिलिअँपियरच देतो. फिरत्या डिस्कला सुरू होतानाच बहुधा त्याहून जास्त लागतात. तिथे स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्यावा.

डिस्कवर लिहिणे चालू असताना पुरवठा तुटला तर फाइली खराब होऊ शकतात. म्हणून हे सगळे करण्याआधी फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.