मांडीवरचे बिऱ्हाड

‘लॅपटॉप’ म्हणजे मांडीवर ठेवायचे यंत्र. शब्दाचा अर्थ सांगणे हा माझा, मराठीच्या प्राध्यापकाचा, धंदाच. पण या नावावर विसंबू नका, असे मी सांगेन. आमच्या धानोऱ्याकडची विशीही न गाठलेली मुले “सर, मान अवघडली” म्हणू लागली, तेव्हा थट्टा पुरे झाली.

खरी खोड यंत्राच्या बिजागरीत आहे. पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले! हात सुखात ठेवावेत तर मान वाकते. मान ताठ ठेवावी तर हात उचलावे लागतात. माणसाचे डोके सुमारे ५ किलोंचे. ते जितके झुकेल तितका मानेवरचा ताण वाढतो.

उपाय मात्र घरगुती आहे. लॅपटॉप मेजावर, दोन-तीन जाड शब्दकोशांवर ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, अंतर हातभर. कळफलक आणि माऊस निराळे घ्या. कोपर काटकोनात राहू द्या. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट सारा.

गोधडीवर तर यंत्र ठेवूच नका. हवेच्या जाळ्या बुजतात, ते तापते. आणि नंदुरबारचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा! चार्जरही उशीखाली नको.

शिवाय दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. अंगणातले कडुलिंबाचे झाड त्याला पुरेसे आहे.

यंत्र बिघडले तर नवे आणता येते, वाचकहो. मुलांची मान आणि डोळे बाजारात मिळत नाहीत.