सीट काढल्यावर

संपादकांनी पाठवलं होतं ते एसटीच्या उत्पन्नावर लिहायला. विषय रटाळ नव्हता, पण माझी नजर तिथे टिकली नाही. सातारा आणि सांगली विभागांबद्दल वाचताना मालवाहतुकीच्या लाल गाड्यांपाशी मी थांबलो, आणि आकडे बाजूला ठेवून तळाचा पत्रा बघू लागलो.

इतिहास लवकर सांगून टाकतो. 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत महामंडळ टाटा आणि लेलँडच्या चेसिसवर स्वतःच बॉडी बांधू लागलं. गाव तिथे एसटी हे ब्रीद सगळ्यांच्या परिचयाचं आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, प्रवासी थांबले आणि उत्पन्नही थांबलं. मे 2020 मध्ये मालवाहतूक सुरू झाली आणि रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या बोरिवलीला गेल्या. नवे ट्रक घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जुन्या बसचे ट्रक करायचं ठरलं. बातमी तिथे संपली. कार्यशाळेतलं काम तिथून सुरू झालं.

या कामाचं वर्णन एका वाक्यात होतं: सीट काढा, खिडक्यांना पत्रा मारा, रंग द्या, गाडी सोडा. पण सीट काढली की तळाला भोकं पडलेली दिसतात. प्रत्येक बाकड्याचे पाय बोल्टने खाली बांधलेले असतात. रिकाम्या बसमध्ये उभं राहून खाली पाहिलं की त्या भोकांच्या रांगा दिसतात, आणि आजवर कोण कुठे बसत होतं ते त्यावरून सहज सांगता येतं. भोकं बुजवली नाहीत तर पावसात चाकाने उडालेलं पाणी वर येतं, आणि उन्हाळ्यात धूळ. माल हळदीचा असेल तर गिऱ्हाईक धूळही चालवून घेत नाही आणि ओलही. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. ओल लागून काळवंडलेलं पोतं बाजारात आल्यावर हे मानांकन उपयोगी पडत नाही.

भोकं बुजवणं सोपं आहे. खरी गोम वजनात आहे. 44 प्रवासी धरले आणि नियमाप्रमाणे माणशी 68 किलो मोजले, तर भार तीन टनांच्या आत येतो. साधारण नऊ मीटर लांब आणि अडीच मीटरच्या आत रुंद अशा तळावर तो पसरला की चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भरतो. आता पन्नास किलोची सात पोती एकावर एक रचा. थप्पीने अर्ध्या चौरस मीटरहून थोडी जास्त जागा घेतली तरी चौरस मीटरला भार सहाशे किलोच्या वर जातो. त्यातही माणसाचं वजन सीटच्या पायांतून खालच्या आडव्या चॅनलवर उतरतं, कारण बांधणाऱ्याने पाय मुद्दाम त्या बळकट जागांवर रोवलेले असतात. पोतं चॅनल पाहून बसत नाही. दोन चॅनलच्या मधल्या पत्र्यावर ते बसतं, आणि पत्रा हळूहळू खाली वाकतो. बस चालती-फिरती माणसं नेण्यासाठी बांधलेली आहे. ती स्वतः चढतात, उतरतात, कडीला धरून उभी राहतात. माल यातलं काहीच करत नाही, हे तळाला पहिल्यांदा कळतं.

मग वरून नवा थर चढवायचा. तीन मिलिमीटरची लोखंडी चेकर प्लेट पाय घसरू देत नाही, थप्प्यांचा भार सोसते, आणि हमालाला पोतं ओढायलाही बरी पडते. पण चौरस मीटरला तिचं वजन पंचवीस किलोच्या आसपास भरतं. वीस चौरस मीटरला अर्धा टन झाला, म्हणजे दहा पोती माल तळानेच खाल्ला. ॲल्युमिनियमची प्लेट लोखंडी प्लेटच्या एक तृतीयांश वजनाची असते, पण तिची किंमत जास्त, आणि ओल असलेल्या जागी लोखंडाला लागून राहिली की तीच आधी झिजते. एसटीच्या जुन्या बॉडीत पोलादी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिबिटांनी बसवलेला असतो. मध्ये रबर किंवा रंगाचा थर नसेल तर ही खोड तिथेही निघते. जाड जलरोधक प्लाय घातला तर गाडी हलकी राहते आणि आवाजही कमी, पण पोत्याचा आकडा रोवला की प्लायचं तोंड उसवतं. माझं मत विचाराल तर प्लायवर लाकडी पट्ट्या आणि उंबऱ्यापाशी तेवढी चेकर प्लेट, ही जोडी सगळ्यात शहाणी. पट्ट्यांमधून हवा खेळते आणि बेदाण्याच्या खोक्यांखाली ओल साचत नाही.

हा प्रश्न फक्त एसटीचा आहे असं समजू नका. परदेशात गालिचे धुणारे लोक पाण्याची टाकी आणि यंत्र व्हॅनमध्येच घेऊन फिरतात. तिथेही टाकी कुठे ठेवायची यावर आधी खल होतो. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो, आणि ब्रेक मारला की ते पुढे धावतं, म्हणून टाकीत आडवे पडदे लागतात. तळावर सांधे नसलेलं रबर अंथरतात आणि कडांना ते भिंतीवर थोडं चढवतात. गळणारं पाणी कुठे जाईल हे आधी ठरवायचं, मग बाकीचं सामान मांडायचं. आपल्याकडे पाणी बाहेरून येतं, एवढाच फरक.

बसच्या मांडणीतल्या अडचणी आणखी आहेत. मागच्या चाकांवरचा उंचवटा आत डोकं काढतो. तो थप्प्यांची रांग मोडतो आणि त्याच्या कोपऱ्यांत खोकी फाटतात. चालकाच्या शेजारी इंजिनचं झाकण असेल तर पुढची जागा गरम असते. नाशवंत माल तिथे ठेवायचा नाही हे हमालाला समजावणारं कोणीतरी लागतं. गिअरबॉक्स तपासायला तळात झाकण असतं, त्यावर थप्पी रचली आणि वाटेत गाडी बिघडली, तर मेकॅनिकच्या आधी हमाल बोलवावे लागतात. बसचा तळ जमिनीपासून कमरेच्या वर असतो. प्रवासी पायऱ्यांनी चढतो, पोतं मात्र खांद्यावरून टाकावं लागतं. मागे मोठं दार करायचं म्हटलं तर मागच्या सांगाड्याचे उभे खांब कापावे लागतात, आणि कापलेल्याच्या बदल्यात चौकट वेल्ड करून सांगाडा पुन्हा बळकट करावा लागतो. यात वेल्डरने कसर केली तर कराड–चिपळूण घाटात ती गाडी डुलते.

कार्यशाळेतल्या फिटर आणि पत्रेवाल्यांचं कौतुक मला इथे वाटतं. ही माणसं बस दुरुस्त करायला शिकलेली आहेत, ट्रक बांधायला नाही. तरी त्यांनी डोकं लढवून हजाराच्या आसपास गाड्या रस्त्यावर आणल्या. सातारा आणि सांगली विभागांच्या भोवती मालाला तोटा नाही. तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कराडकडचा गूळ यांना बाजार लांब आहेत आणि हंगाम आखूड.

पण आखूड हंगाम ही एकच अडचण नाही. जाताना माल मिळतो, येताना गाडी रिकामी. खासगी वाहतूकदाराकडे परतीच्या मालासाठी दलालांचं जाळं असतं, आणि भाव रात्रीतून बदलण्याची मोकळीक. महामंडळाला दर कागदावर ठेवावा लागतो. बस मालवाहू करायची तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि पासिंगच्या वेळी वजन, दार, तळ सगळं तपासलं जातं. दरम्यान 2021 च्या अखेरपासून एप्रिल 2022 पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. उभ्या गाड्यांच्या तळाखाली ओल राहिली, तर गंज त्या काळातही काम करतो.

त्यानंतर वयाचा नियम आला. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये मोटार वाहन नियम बदलले. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या, त्यात राज्य परिवहन महामंडळांच्याही, पंधरा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांची नोंदणी संपते. 2020 मध्ये मालवाहतुकीसाठी निवडल्या गेलेल्या गाड्या नव्या नव्हत्या. तेव्हा जी बस दहा वर्षांची होती, तिच्या नोंदणीची मुदत 2025 मध्ये सरते. म्हणजे नव्या प्लायचे आणि चेकर प्लेटचे पैसे मालाच्या भाड्यातून वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त वेळ नव्हता, आणि त्यातला काही काळ संपात गेला. मोडीत निघताना इंजिन आणि चेसिस वजनावर जातील. वरची चेकर प्लेट चांगली असेल तर कार्यशाळेने ती काढून ठेवावी. डेपोत बसची पायरी बदलायला तिचा उपयोग होईल, आणि त्यासाठी नव्या निविदेची वाट पाहावी लागणार नाही.