जलपर्णी : फुलावर येण्याआधी काढा

उपशाचा फुटव्हॉल चोंदला की आपण मोटारीला शिव्या घालतो. पण दोष पाण्यावरच्या जलपर्णीचा असतो. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या हौसेपायी देशोदेशी गेली. १८९६ च्या सुमारास ती बंगालात आली. आज पंचगंगा घ्या की उजनी, सगळीकडे तिचा त्रास आहेच.

ऊन आणि खुराक मिळाला की दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जगतं. म्हणून शेततळ्यात, ओढ्यात दिसताच, फुलावर येण्याआधी ओढून काढावी. औषध मारलं तर मरते, पण तिथंच कुजून पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे मरतात. १९८३ च्या सुमारास तिला खाणारे सोंडकिडे देशात आणले. त्यांचा गुण यायला मात्र वर्षं लागतात.

काढलेली काठावर टाकू नका, पुराबरोबर परत जाते. लांब वाळवून शेणकाल्याच्या थरात कुजवा. नव्वद टक्क्यांवर पाणीच, तेव्हा ट्रॉलीभर ओढली तर खत पाट्यांनीच मोजायचं! सांडपाण्यातली असेल तर तेही नको.

खुराक कोण घालतं? गावची गटारं, कारखान्यांचं सांडपाणी आणि आपल्या सरीतून वाहून गेलेला युरिया.