फटाके की बॉम्ब? : राखेची साक्ष

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना केरसुणीपुढे काय काय येते, हे आपल्याला पाठ आहे: लाल कागदाचे कपटे, सुतळीचे तुकडे, न वाजलेल्या एखाद्या फटाक्यातली करडी पूड. स्फोटात सगळे जळून जाते, पुरावा उरत नाही, ही समजूत खोटी ठरवायला एवढा केर पुरेसा आहे. स्फोटक पूर्णपणे जळत नाही. त्याचे कण भिंतीवर, पडद्यावर, जखमींच्या कपड्यांवर बसतात. स्फोटस्थळाचे न्यायवैद्यक शास्त्र या उरलेल्या कणांवर उभे आहे.

नांदेडच्या पाटबंधारे नगरातील एका घरात ६ एप्रिल २००६ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोट झाला. दोन तरुण मृत्युमुखी पडले, काही जखमी झाले. साठवलेल्या फटाक्यांचा स्फोट झाला, असे आधी सांगितले गेले. पुढे पोलिसांनी तेथून जिवंत पाइपबॉम्ब मिळाल्याचे सांगितले. तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे आणि नंतर सीबीआयकडे गेला. जानेवारी २०२५ मध्ये नांदेडच्या सत्र न्यायालयाने हयात असलेल्या सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. तो बॉम्बस्फोटच होता हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे बचाव पक्षाच्या वकिलांनी निकालानंतर सांगितले. म्हणजे पहिल्या दिवशीचा प्रश्न जवळजवळ १९ वर्षांनीही तसाच उभा राहिला. निकालाची चिकित्सा हा माझा विषय नाही. फटाके आणि बॉम्ब यांतला फरक विज्ञान कसा ओळखते, एवढेच मला पाहायचे आहे.

आरडीएक्ससारखे उच्च स्फोटक असेल तर काम त्या मानाने सोपे. त्याची स्फोटलहर सेकंदाला ८ किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, जवळचा धातू फाटून त्याच्या बारीक चिंधड्या होतात, आणि आरडीएक्स फटाक्यात नसते. पृष्ठभाग अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घेतला, तर त्यातले नॅनोग्रॅमभर आरडीएक्ससुद्धा आजची यंत्रे ओळखतात. अडचण येते ती कमी तीव्रतेच्या दारूची. पोटॅशियम नायट्रेट, गंधक, अॅल्युमिनियमची पूड ही द्रव्ये फटाक्यात असतात, आणि तीच पाइपमध्ये ठासली तर पाइपबॉम्ब होतो. पाण्याने घेतलेल्या पुसणीत आयन क्रोमॅटोग्राफी नायट्रेट दाखवील. ते नायट्रेट कागदाच्या नळीतले की लोखंडाच्या, हे मात्र सांगणार नाही.

ते सांगतात तुकडे. पाइपच्या टोपणाच्या आट्यांमध्ये न जळलेली दारू अडकून राहते. धातूचा तुकडा भिंतीत किती खोल आणि कोणत्या दिशेने घुसला, यावरून मागे मागे जात स्फोटाचे केंद्र सापडते. मात्र त्यासाठी तो तुकडा कुठे पडला होता, हे उचलण्याआधी मोजून नकाशावर मांडलेले असावे लागते. म्हणून सर्वांत दूर सापडलेल्या तुकड्याच्या अंतराच्या दीडपट परिसर दोरीने बंद करायचा, असा संकेत आहे. दुसरी गोष्ट तुलनेच्या नमुन्याची. नांदेड-लातूरच्या काळ्या मातीत खतांमुळे नायट्रेट असतेच. त्यामुळे स्फोटापासून दूरची, त्याच गावची माती वेगळ्या पुडीत घेतली नसेल, तर अहवालातल्या नायट्रेटला अर्थ उरत नाही. शिवाय यंत्र जितके संवेदनशील, तितका हातमोज्यांचा धोका मोठा: एका जागेवरचे कण त्याच मोज्यांनी दुसरीकडे जातात.

ही काळजी नसली की काय होते, हे मालेगावच्या खटल्यात दिसले. २९ सप्टेंबर २००८ च्या त्या स्फोटात ६ जणांचा बळी गेला. ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपींना निर्दोष सोडताना विशेष न्यायालयाने नोंदवले की, पंचनाम्यात घटनास्थळाचा नकाशा काढलेला नव्हता, बोटांचे ठसे घेतलेले नव्हते आणि नमुने दूषित झालेले असल्याने त्यांचे अहवाल विश्वासार्ह मानता येत नाहीत. यांतली एकही उणीव महागड्या यंत्राची नाही. टेप, कागद, स्वच्छ पुड्या आणि लाखेचे सील एवढ्यावर भागणारे ते काम होते.

आता नांदेडमध्ये प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण होणे अपेक्षित आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञांची गाडी पोहोचेपर्यंतचा तास-दोन तास मात्र गावातल्या पोलीस ठाण्याच्या हाती असतील. जखमींना उचलायचे, गर्दी आवरायची आणि तरीही जमिनीवरचा तुकडा जागचा हलू द्यायचा नाही, हे त्या हवालदाराला कोणी शिकवले आहे का? ज्यांची माणसे गेली आणि ज्यांच्यावर आरोप झाले, त्या दोघांनाही मिळणारे उत्तर त्याच्यापासून सुरू होते.