मधेच हाक आली तर...

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या बेलपाड्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घर लहान, माणसे पुष्कळ. अभ्यासाला बसले की हाक आलीच, “अगं, पाणी आलं, हंडा लाव!” मी ओळीपाशी पेन्सिलीची खूण करते, उठते, आणि परतल्यावर तिथूनच पुढे वाचते. संगणकाचा प्रोसेसरही नेमके हेच करतो, हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली.

आपण कळफलकावरची कळ दाबली की प्रोसेसरला हाक जाते. तिला ‘इंटरप्ट’ म्हणतात. हातातले काम कुठवर आले याची खूण तो ‘स्टॅक’ नावाच्या राखीव जागेत ठेवतो, हाकेचे काम उरकतो आणि खूण पाहून परततो. एक काम बाजूला ठेवून दुसरे घेणे, म्हणजे ‘टास्क स्विचिंग’, तेही अशा खुणांवरच चालते.

पण खूण भलत्याच जागी पडली तर? आय.बी.एम.ने १९८१ साली आणलेल्या पी.सी.त इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्यात स्टॅकचा पत्ता दोन भागांत असे. जणू वही कोणती आणि पान कोणते. काम बदलताना हे भाग दोन आज्ञांनी, एकामागून एक बदलावे लागत. या दोहोंच्या मध्ये प्रोसेसरने हाक ऐकू नये, अशी योजना होती. सुरुवातीच्या चिपांमध्ये मात्र ही योजना पाळली जात नव्हती. नेमकी त्याच क्षणी हाक आली की नव्या वहीच्या जुन्याच पानावर खूण पडे. तिथला मजकूर पुसला जाई आणि यंत्र ठप्प होऊ शके.

ती चिप विकली गेल्यावर आतून दुरुस्त करता येत नसे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी उपाय काढला : त्या दोन आज्ञांच्या आधी ‘हाका बंद’ आणि नंतर ‘हाका सुरू’ अशा आज्ञा घालायच्या. पुढच्या चिपांत दोष गेला, तरी जुन्या यंत्रांसाठी ही काळजी घ्यावीच लागे.

आपल्या पुण्यातील महासंगणकातही हाकेचा प्रश्न होता, पण निराळा. १९८८ मध्ये तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढच्या ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० घेतला गेला. हा गणितात मोठा वेगवान, कारण त्यात अनेक आकडेमोडी एकाच वेळी टप्प्याटप्प्याने पुढे सरकत. पण हाक आली की त्या अर्धवट आकडेमोडी प्रोग्रॅमलाच उचलून ठेवाव्या आणि पुन्हा मांडाव्या लागत. त्यात घड्याळाचे कमीत कमी ६२ आणि वाईट वेळी सुमारे २,००० ठोके जात. हा बिघाड नव्हे, स्वभावदोष. परम ८६०० मध्ये आय-८६०च्या सोबतीला ट्रान्सप्युटर होते. कामांची अदलाबदल झटपट करण्याची सोय त्यांच्या चिपमध्येच केलेली असते. एकाचे उणे ते दुसऱ्याचे बळ!

वाचकहो, यातून मी एक गोष्ट शिकले. हाक येणे हा दोष नव्हे. खूण न ठेवता उठणे हा दोष. आणि हाका कायमच्या बंद करणे हाही उपाय नव्हे, कारण मग घरात पाणी कोण भरणार? हल्ली एक विषय मिटून दुसरा उघडताना मी एवढेच सांगते, “आई, दोन मिनिटं हाक मारू नकोस.” आणि आई थांबते.